झोपेवरचा पहारा

त्या घरात दिवसा कुणाला शिंक आली, तर तो उशीत तोंड खुपसून शिंकायचा. हसू येईल तुम्हाला, पण त्या घरात कुणी हसतही नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोनच खोल्या. आतल्या खोलीत वर्तमानपत्राच्या छापखान्यातला मशीनमन झोपलेला असायचा आणि बाहेरच्या खोलीत त्याची बायको त्याच्या झोपेवर पहारा द्यायची. रात्रपाळी संपवून तो घरी यायचा, चार घास खायचा, आणि सकाळी नऊला आतलं दार बंद व्हायचं ते संध्याकाळी पाचला उघडायचं. मधल्या वेळात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पण टाचणी पाडायची छाती होती कुणाची!

बाईनं काय काय करून ठेवलं होतं, ते ऐकाच. दाराच्या घंटीची तार तिनं स्वतः कात्रीनं कापली. खुर्च्यांच्या पायांना जुन्या स्वेटरचे मोजे शिवून घातले. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की झडप घालून गॅस बंद. मोरीतला नळ ठिबकायचा, त्याच्या तोंडाला दोरा बांधला. थेंब आता पडायचा नाही, दोऱ्यावरून गुपचूप खाली घसरायचा. दूधवाला कडीला पिशवी अडकवून मांजराच्या पावलांनी जायचा. पाहुणा आलाच, तर त्याला जिन्यात गाठून ही ओठांवर बोट ठेवायची. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणायची, "तुमच्याकडे यायचं म्हणजे जीभ घरी काढून ठेवावी लागते, बाई." बायकोला त्यात अपमान वाटत नसे, उलट ती खूश व्हायची. नवरा रात्रभर यंत्रापाशी उभा राहतो, त्याला दिवसाचे आठ तास पुरते मिळालेच पाहिजेत, हा तिचा नेम होता. तो तिनं एक दिवसही मोडला नाही.

आणि आतला माणूस? तो टक्क जागा असायचा.

पडल्या पडल्या तासभर डोळा लागायचा, तेवढाच. मग जाग यायची आणि उरलेला सगळा दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. उजेड येऊ नये म्हणून खिडकीच्या काचांना छापखान्यातले वाया गेलेले कागद चिकटवले होते. ते वाचून वाचून त्याला पाठ झाले होते. कुठल्याशा जुन्या दिवसाचं हवामान, एका चष्म्याच्या दुकानाची जाहिरात, कुणा निवृत्त हेडमास्तरांच्या निधनाची बातमी, तिची शेवटची ओळ शाईत बुडालेली. ते हेडमास्तर आता त्याला सख्ख्या काकांसारखे वाटायचे. आणि गंमत अशी, की आवाजाचं या माणसाला अजिबात वावडं नव्हतं. छापखान्यात अर्ध्या तासाची सुट्टी मिळाली की शेजारचं यंत्र धडधडत असतानाच तो कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवा व्हायचा आणि ढाराढूर झोपायचा. झोप उडायची ती घरातल्या त्या शांततेनं. बाहेर कुठंतरी चमचा किणकिणायचा आणि पाठोपाठ बायकोचं "श्शू!" यायचं. चमच्यानं त्याला कधीच जाग आली नसती. श्शूनं मात्र तो दचकायचा, आणि पुढचं श्शू कधी येतंय याची वाट बघत छातीतली धडधड ऐकत पडायचा.

तुम्ही म्हणाल, अरे मग सांग ना बाबा! उठ, बाहेर ये, म्हण मला झोप येत नाही, घाला काय गोंधळ घालायचा तो. एवढं सोपं असतं तर आणखी काय हवं होतं!

रात्रपाळीला लागला त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. त्यांची पोरगी पाच वर्षांची होती. दुपारी बाहेरच्या खोलीत दोरीवरच्या उड्या मारत होती. कितीतरी दिवसांची झोप साठली होती, डोक्यात घण पडत होते. तो ताडकन उठला, दार उघडलं आणि पोरीच्या अशी मुस्काटात ठेवून दिली, की ती भिंतीवर जाऊन आपटली. पोरगी रडली नाही. उभ्या उभ्या तिची चड्डी ओली झाली आणि ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. हात उगारणारा माणूस नव्हता हो तो! त्या दिवशी त्यानं कानाला खडा लावला की, आपण जागे आहोत हे या घरात पुन्हा कुणाला कळता कामा नये. आणि त्याच दिवशी बायकोनंही खडा लावला की, या घरात आवाजच होता कामा नये. दोघांनी एकमेकांना एका शब्दानं विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं? पण नाही. ती घर गप्प करत गेली आणि तो झोपेचं सोंग घेत गेला.

एकदा तो दुपारी पाणी प्यायला बाहेर आला. चित्र रंगवत बसलेल्या पोरीनं हातातला खडू हळूच खाली ठेवला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. बायको अपराध्यासारखी म्हणाली, "काय वाजलं हो? आमच्याकडून काही वाजलं का?" तो "नाही, नाही" करत आत पळाला. दुसऱ्या दिवसापासून तांब्या उशाशी घेऊन पडायला लागला, आणि पाच वाजल्याशिवाय त्यानं दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. पोरगी शाळा संपवून कॉलेजात जायला लागली, तरी हे तसंच चालू.

शरीराला काय सोंग कळतं! ते आपलं खंगत गेलं. मान आखडलेली, डोळे चुरचुरणारे, संध्याकाळी डोकं इतकं जड की उचलून बाजूला ठेवावंसं वाटे. जिना उतरून खाली यायचा आणि कशाला आलो ते विसरायचा. एकदा यंत्रावर खेळाचं पान उलटं बसवलं आणि पेपरातले खेळाडू डोक्यावर उभे राहून शहरभर घरोघर गेले. छापखान्यात सगळे पोट धरधरून हसले. तोही हसला, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पान दोनदा तपासायला लागला. जिना चढताना छातीत मधेच पाखरू फडफडल्यासारखं व्हायचं. तो कठड्याला धरून थांबायचा, जिन्यात कुणी नाही ना ते बघायचा, आणि मग वर जायचा.

तशात छापखान्यातल्या शाईवाल्याला पहाटे डुलकी लागली आणि त्याची दोन बोटं यंत्राच्या रुळांमध्ये गेली. बायकोनं ते ऐकलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. "बघा," ती म्हणाली, "तुमची झोप नीट होते म्हणून तुमची बोटं शाबूत आहेत." त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

अखेर एकदा जिन्यातच त्याला चक्कर आली आणि बायकोनं त्याला धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि पुन्हा फुगवला.

"प्रेशर बरंच वाढलंय. सिगारेट ओढता?"

"नाही."

"दारू?"

"कधीच नाही."

"बरं. झोप कशी आहे?"

त्यानं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं! पण बायको त्याच्या आधी बोलली. "झोपेचं नाव काढू नका, डॉक्टर. आठ तास! एक मिनिट कमी नाही. मी स्वतः पहारा देते ना. कुंभकर्ण लाजेल असे झोपतात हे."

बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता, की तिला आता खोटं कसं पाडायचं? वर्षानुवर्षं तिनं केलं ते सगळं एका वाक्यात मातीत घालायचं? डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. घात झाला तो तिथं.

डॉक्टर भला माणूस. झोप ठीक आहे म्हटल्यावर तो बिचारा दुसरीकडे शोधत बसला. मीठ तोडा म्हणाला. बायकोनं मीठ असं तोडलं, की सगळं घर अळणी जेवायला लागलं. सकाळ-संध्याकाळ गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या, चालणं झालं. आकडा हलायला तयार नाही. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, "माणूस झोपला की त्याचं प्रेशर उतरतं, हृदयाला तेवढाच विसावा मिळतो. तुमचं मेलं उतरतच नसावं. कुठं पाणी मुरतंय, मला कळत नाही."

"झोप आणखी वाढवू का?" बायकोनं विचारलं.

"वाढवा की. चांगलंच आहे."

आणि तिनं खरंच वाढवली. दार आता साडेपाचला उघडायला लागलं. आता बोला! आणखी अर्धा तास भिंतीकडे तोंड.

दुखायला लागलं तेव्हा दुपार होती. आधी जबडा ठणकला, मग डावा दंड, मग छातीवर कुणी कागदाचं अख्खं रीळ आणून ठेवावं तसं झालं. घामानं चादर भिजली. काय होतंय ते त्याला लगेच कळलं. बाहेर बायको आणि पोरगी कुजबुजत होत्या. हाक मारायची म्हणून त्यानं सगळा जीव गोळा केला, पण घशातून नुसती हवा आली. मग हातानं तांब्या ढकलला. तांब्या ठणकन खाली पडला आणि गडगडत कपाटाखाली गेला. बाहेरची कुजबुज थांबली.

"आई, आत काहीतरी पडलं. बघू का?"

"थांब, दार उघडू नकोस. कूस बदलताना हात लागला असेल तांब्याला. झोपेत असतील तर तू जाऊन उठवशील."

त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होता. दाराखालच्या फटीत पोरीच्या पावलांची सावली आली. ती तिथं जराशी घुटमळली आणि मागं फिरली. तिचं काय चुकलं? तिला जसं वाढवलं होतं, तशीच ती वागली. तो दाराकडे बघत पडून राहिला. सगळ्या जन्मात त्याला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं.

साडेपाचला बायको चहा घेऊन आत गेली, आणि मग मात्र त्या घरातून असा आवाज आला, की शिंपीण मशीन सोडून धावत वर आली.

माणूस वाचला. वाचला म्हणजे काय, पूर्वी तीन जिने चढत होता तो आता अर्धा चढून बसतो, इतका वाचला. हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "दुपारीच आणायला हवं होतं. हृदयाचा बराच भाग गेला, तो आता परत यायचा नाही."

"पण ते झोपेत होते हो!" बायको रडत म्हणाली. "मला काय माहीत? झोपेत होते ते!"

मोठ्या वॉर्डात गोंगाटाला तोटा नव्हता. ट्रॉल्या खडखडत होत्या, कुणी कण्हत होतं, कुणाचे नातेवाईक भांडत होते, आणि आमचा मशीनमन तोंड उघडं टाकून घोरत होता. भेटायच्या वेळी बायको आली. नर्सबाई हसत म्हणाली, "किती वर्षांची झोप काढतायत हे! मला म्हणाले, घरी दिवसा झोपच येत नाही, नुसता पडून असतो. आधी कुणाला सांगितलं का नाही?"

बायकोला आधी रागच आला. "कुणी सांगितलं तुम्हाला? घरी आठ तास..." आणि मग तिची नजर नवऱ्याकडे गेली. तो जागा झाला होता. त्यानं डोळे मिटून घेतले. एवढं पुरे होतं.

"उघडा डोळे," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा. खरं आहे हे?"

"अगं, पोरीकडे बघवत नव्हतं मला. मी उठून बाहेर आलो की तिचं तोंड..."

"पोरीचं नका सांगू! मी घरात कधी मोठ्यानं हसले नाही. पोरीला तिच्या मैत्रिणी घरी आणू दिल्या नाहीत. माझी बहीण रुसली, परत म्हणून आली नाही. कुणासाठी? भिंतीकडे तोंड करून जागं पडलेल्या माणसासाठी? एकदा, एकदा तरी सांगायचं होतंत हो! मी काय खाणार होते तुम्हाला?" तिचा आवाज इतका चढला, की शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. मग ती स्टुलावर बसली आणि हुंदके देत देत त्याच्यासाठी संत्रं सोलायला लागली.

रात्रपाळी कायमची बंद झाली. छापखान्यानं त्याला दिवसा खुर्चीवर बसून गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम दिलं. आणि काय सांगू, रात्रीची झोप त्याला लागायला लागली! आधी चार तास, मग पाच, मग सरळ सकाळपर्यंत. डोकं हलकं झालं, चिडचिड गेली, गोळ्या निम्म्या झाल्या. हृदयाचं जे गेलं ते गेलंच, पण उरलेलं नीट चालायला लागलं. झोप झालेल्या माणसाला आजूबाजूचं दिसायला लागतं. त्याला बायको दिसायला लागली.

तिचे पाय सुजत होते. भाजीची पिशवी घेऊन येताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची आणि विचारलं की म्हणायची, "गुडघे हो, दुसरं काय." वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना हातात बाही धरून तशीच बसून राहायची. एका सुट्टीच्या दुपारी तो म्हणाला, "तू जरा आडवी हो. मी बसतो इथं." ती आढेवेढे घेत आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. फारच पटकन मिटले. श्वास कसा सारखा, मापात, एकानंतर एक. तो खुर्चीवरून बघत राहिला. असा श्वास झोपलेला माणूस घेत नाही. असा श्वास त्यानं स्वतः वर्षानुवर्षं घेतला होता.

"ऊठ," तो म्हणाला. "मला नको फसवूस. या धंद्यात मी तुझ्यापेक्षा जुना आहे. चपला घाल, दवाखान्यात जायचंय."

"मला काय धाड भरलीय?"

"ते डॉक्टर सांगतील."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. मग छातीला चकत्या लावून कागदाची पट्टी काढली आणि ती उजेडात धरून बराच वेळ बघितली. त्यांचा चेहरा उतरला. पायावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला.

"झोप कशी आहे तुमची?"

"चांगली आहे," बायको म्हणाली. "पडल्या पडल्या लागते."

"खोटं आहे, डॉक्टर," तो म्हणाला. आवाज त्याच्या मानानं बराच मोठा निघाला. "आणि माझंही खोटं होतं. इथंच बसून मी मान हलवली होती. तेव्हा तुम्ही पकडलं असतंत तर मी असा झालो नसतो. हिचं तरी पकडा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिच्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा. कधीपासून झोप नाही?"

तिनं मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला. "हे रात्रपाळीला लागले तेव्हापासून."

त्याला वाटलं, ती गोंधळलीय. "अगं, मला झटका आला तेव्हापासून म्हणायचंय ना तुला?"

"नाही. तेव्हापासूनच. रात्री तुम्ही त्या यंत्रापाशी. तुमचा डोळा लागेल, हात आत जाईल, फोन येईल, हेच डोक्यात. फोन उशाशी घेऊन नुसती पडून राहायचे. आणि दिवसा तुमच्या दाराशी बसायचे, तेव्हा कुठली झोप?"

डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले होते. मोठ्या हॉस्पिटलात जा, आणि उद्यावर टाकू नका, आत्ता इथूनच जा, म्हणाले. चिठ्ठी त्यानं घेतली, पण ती खिशात घालायचं त्याला सुचेना.

"म्हणजे मी आत जागा आणि तू बाहेर जागी," तो म्हणाला. "सगळी वर्षं. मग तू तरी सांगायचं होतंस ना गं!"

"तुम्ही इतके गाढ झोपायचात," ती म्हणाली. "म्हटलं, घरात एकाला तरी झोप लागतेय."